रिंगणात बसलेला प्राध्यापक

एका महाविद्यालयाच्या शिस्त समितीवर आम्ही काही वर्षे काम केले. त्या काळातील एक प्रकरण आजही मनातून जात नाही. वसतिगृहातील दोघा विद्यार्थ्यांनी एका नवागत मुलाच्या बोलण्याची आणि जातीची सतत टवाळी चालविली होती. तक्रार आली, समिती बसली, साक्षी झाल्या आणि त्या दोघांना पंधरा दिवसांसाठी निलंबित करण्यात आले. कागद नीट लावून फाइल बंद झाली. आपल्या हातून न्याय झाला अशा समाधानात आम्ही घरी गेलो. वर्ष संपता संपता तो नवागत मुलगा दाखला घेऊन निघून गेला. फाइल पुन्हा उघडून पाहिली, तेव्हा ध्यानात आले की तीत नियमाचे कलम होते, शिक्षा होती, सर्वांच्या सह्या होत्या. परंतु त्या मुलाला काय हवे आहे असे कोणी विचारल्याची एकही ओळ तीत नव्हती. विचारावे असे आम्हांला सुचलेच नाही. सुचले असते तरी कसे विचारावे हे ठाऊक नव्हते.

हा प्रश्न विचारण्याची रीत विद्यापीठांत कशी शिरली आणि ती प्राध्यापकांना मुद्दाम शिकवावी लागते हे कसे उमगले, त्याचा इतिहास अर्ध्या शतकाहून थोडा अधिक आहे. तो प्रामुख्याने कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका या देशांत घडला. आपल्या घरांतील मुले-नातवंडे आज त्याच विद्यापीठांत शिकत आहेत, काही तेथे शिकवीतही आहेत. म्हणून तो आपल्यालाही माहीत असावा असे वाटते. या पद्धतीला ‘पुनर्स्थापनात्मक न्याय’ असे बोजड नाव मराठीत दिले जाते. आम्ही येथे तिला ‘सांधणारा न्याय’ म्हणू.

या इतिहासाचा आरंभ बहुतेक लेखक कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या एल्मायरा या लहानशा गावापासून करतात. मे १९७४ मध्ये तेथे दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी मोडतोड केली. घरांच्या काचा फोडल्या, गाड्यांची नासधूस केली. शिक्षेपूर्वी न्यायालयाला अहवाल देणारे परिवीक्षा अधिकारी मार्क यांत्झी हे मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे होते. या मुलांनी ज्यांचे नुकसान केले त्यांच्या दारी जाऊन त्यांना तोंड द्यावे, अशी सूचना त्यांनी मांडली. कायद्यात अशी तरतूद नव्हती आणि न्यायाधीश गॉर्डन मॅकॉनेल प्रथम साशंक होते. तथापि अखेरीस त्यांनी तसाच आदेश दिला. ते दोघे तरुण दारोदार गेले, लोकांचे म्हणणे ऐकले, नुकसानीचा आकडा लिहून घेतला आणि पुढील काही महिन्यांत भरपाई केली. पुढे या प्रयोगातून गुन्हेगार आणि पीडित यांची भेट घडविणारे कार्यक्रम कॅनडात आणि अमेरिकेत उभे राहिले.

त्यानंतरचा मोठा टप्पा न्यूझीलंडचा. मुलांना कुटुंबापासून तोडून सरकारी संस्थांत ठेवण्याच्या धोरणाने आपल्या समाजाची अपरिमित हानी होत आहे, अशी माओरी लोकांची तक्रार होती. जॉन रांगीहाउ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८० च्या दशकात ती सरकारपुढे ठामपणे ठेवली. १९८९ साली तेथील संसदेने मुले, तरुण आणि त्यांची कुटुंबे यांविषयीचा कायदा संमत केला आणि बालगुन्हेगारीच्या प्रकरणांत ‘कुटुंब परिषद’ हा भाग अधिकृत झाला. मुलगा, त्याचे आप्त, ज्याला इजा झाली तो, पोलीस आणि एक संयोजक असे सर्व एकत्र बसून पुढे काय करायचे ते ठरवू लागले. १९९२ मध्ये कॅनडाच्या युकॉन प्रदेशात न्यायाधीश बॅरी स्टुअर्ट यांनी एका खटल्यात न्यायालयाची बैठकच बदलली. उच्चासन सोडून ते आरोपी, त्याचे कुटुंबीय आणि त्याच्या आदिवासी समाजातील मंडळी यांच्याबरोबर वर्तुळात बसले. तेथील मूलनिवासी लोकांच्या रिंगणाच्या प्रथेवर केई प्रॅनिस यांनी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात पुढे बरेच काम केले. एक वस्तू हातोहात फिरते. ती ज्याच्या हाती असेल त्यानेच बोलायचे आणि इतरांनी ऐकायचे, हा रिंगणाचा मुख्य नियम होय.

या विखुरलेल्या प्रयोगांना सूत्रबद्ध विचाराचे रूप हॉवर्ड झेर यांनी दिले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चेंजिंग लेन्सेस’ या ग्रंथात त्यांनी मांडलेले सूत्र थोडक्यात असे. रूढ न्यायपद्धती विचारते : कोणता नियम मोडला, कोणी मोडला आणि त्याला काय शिक्षा? सांधणारा न्याय विचारतो : कोणाला इजा झाली, त्यांच्या गरजा काय आणि त्या पुरविण्याचे उत्तरदायित्व कोणाचे? झेर पुढे व्हर्जिनियातील ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठात अध्यापन करू लागले. शांतता आणि समेट यांचे पद्धतशीर शिक्षण देणारे एक केंद्र तेथे १९९० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले होते. जगभरचे कार्यकर्ते आणि अध्यापक तेथील उन्हाळी वर्गांना जात असत.

हा झाला एक प्रवाह. तो न्यायालयातून निघाला. दुसरा प्रवाह विद्यापीठाच्याच आवारात उगम पावला. १९८७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात कृष्णवर्णीयांविषयी अत्यंत हीन मजकुराची पत्रके वाटली गेली आणि विद्यार्थ्यांच्या रेडिओवरून वर्णद्वेषी विनोद प्रसारित झाले. मोर्चे निघाले, धरणी धरली गेली. १९८८ मध्ये तेथे आंतरगट संबंधांविषयीचा एक अभ्यासक्रम सुरू झाला. त्याची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. दोन समाजगटांतील साधारण समसमान संख्येने सुमारे बारा ते सोळा विद्यार्थी पूर्ण सत्रभर दर आठवड्याला भेटत. त्यांना दोन सूत्रधार असत, प्रत्येक गटातील एक. आधी ओळख आणि विश्वास, मग परस्परांच्या अनुभवांतील साम्य-भेद, त्यानंतर ज्वलंत प्रश्न आणि शेवटी मिळून करायचे काम, अशा चार पायऱ्या आखल्या होत्या. ज्वलंत प्रश्न तिसऱ्या पायरीवर ठेवण्यात मोठे शहाणपण होते. पहिल्याच दिवशी तो काढला तर वादच होतो आणि वादात प्रत्येक जण आपले आधीचेच मत अधिक पक्के करून घरी जातो.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट झाली. या बैठका चालविण्यासाठी विषयाची विद्वत्ता पुरेशी नव्हती. सूत्रधार बहुधा वरच्या वर्गातील विद्यार्थीच असत. परंतु त्यांना आधी स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागे आणि बैठका चालू असताना प्राध्यापकांची देखरेख असे. मग देखरेख करणाऱ्या प्राध्यापकांना तरी हे कोणी शिकवावे? या गरजेतून पुढे इतर विद्यापीठांतील अध्यापकांसाठीही ॲन आर्बर येथे प्रशिक्षणवर्ग भरू लागले. पॅट्रिशिया गुरिन, बिरेन नागदा आणि झिमेना झुनिगा यांनी नऊ विद्यापीठांत या पद्धतीचा तुलनात्मक अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले.

दोन्ही प्रवाह विद्यापीठीय शिस्तीच्या क्षेत्रात एकत्र आले. त्यात डेव्हिड कार्प यांचे काम ठळक आहे. न्यूयॉर्क राज्यातील स्किडमोर महाविद्यालयात समाजशास्त्र शिकविताना त्यांनी तेथील शिस्तव्यवस्थेत सांधणाऱ्या न्यायाचे प्रयोग केले. या विषयावरील निबंधांचा एक संग्रह २००४ मध्ये त्यांच्या सहसंपादनाखाली निघाला आणि २०१३ मध्ये विद्यापीठांसाठी एक छोटी पुस्तिका आली. वसतिगृहातील भांडणे, चोऱ्या, मद्यपान आणि द्वेषमूलक लिखाण अशा प्रकरणांत ही रीत हळूहळू रुळली.

प्रशिक्षणात प्राध्यापकाला नेमके काय शिकविले जाते, हे सांगितल्याविना हा इतिहास अपुरा राहील. शिकविण्यापेक्षा त्याच्या काही सवयी सोडविल्या जातात, असे म्हणणे अधिक योग्य. पहिली सवय बोलण्याची. वर्गात प्रश्न विचारल्यावर पाच क्षण शांतता पसरली की आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. रिंगणात ती शांतता सोसायची असते, कारण अवघड गोष्ट सांगणाऱ्याला वेळ लागतो. दुसरी सवय उलटतपासणीची. “तू असे का केलेस?” असे विचारले की ऐकणारा सबब शोधू लागतो; “त्या वेळी तुझ्या मनात काय चालले होते?” असे विचारले तर तो आठवू लागतो. तिसरी सवय निकाल देण्याची. ज्याने आयुष्यभर गुण दिले त्याला निर्णय हातचा सोडणे फार जड जाते. म्हणून प्रशिक्षणात प्राध्यापकांना निरनिराळ्या भूमिका करायला लावतात. कोणी दुखावलेली विद्यार्थिनी होतो, कोणी आरोपी, कोणी आरोपीचा बाप. दुखावलेल्याच्या खुर्चीत एकदा बसले की “झाले गेले विसरून जा” हे वाक्य कसे लागते ते कळते.

याहून महत्त्वाचा भाग प्रत्यक्ष बैठकीपूर्वीचा. सूत्रधार प्रत्येकाला स्वतंत्रपणे आणि पुष्कळदा एकाहून अधिक वेळा भेटतो. ज्याने इजा केली त्याने ती मान्य केली आहे काय? ज्याला इजा झाली त्याला खरोखर यायचे आहे, की तो कोणाच्या भिडेने येतो आहे? त्याला समोरासमोर भेट नको असेल तर पत्राने किंवा प्रतिनिधीद्वारे काही साधेल काय? यांतील एका जरी प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले तर बैठक घ्यायची नाही, हेही शिकविले जाते. शेवटी जो करार होतो त्यात कोण, काय, केव्हापर्यंत करणार हे स्पष्ट लिहावे लागते. नुसती क्षमायाचना पुरेशी मानीत नाहीत.

या सर्वांची कसोटी कॅनडाच्या हॅलिफॅक्स शहरातील डलहौजी विद्यापीठात लागली. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील दंतवैद्यक शाखेच्या अंतिम वर्षातील तेरा विद्यार्थ्यांचा फेसबुकवरील खाजगी गट उघडकीस आला. त्यात आपल्याच वर्गातील मुलींविषयी लैंगिक अत्याचाराच्या भाषेतील मजकूर होता. देशभर संताप उसळला. या सर्वांना हाकलून द्या, अशी मागणी झाली. दुखावलेल्या विद्यार्थिनींपैकी काहींनी मात्र सांधणाऱ्या न्यायाचा मार्ग मागितला आणि विद्यापीठाने तो स्वीकारला. नोव्हा स्कोशिया प्रांतात तरुण गुन्हेगारांसाठी असा कार्यक्रम १९९९ पासून होता आणि विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापिका जेनिफर लुएलिन या विषयाच्या जाणकार होत्या. म्हणून प्रशिक्षित माणसे हाताशी होती.

जानेवारी २०१५ मध्ये त्याच वर्गातील चार विद्यार्थिनींनी नाव न देता जाहीर पत्र लिहिले. हा मार्ग आपल्याला नको आहे आणि तो स्वीकारावा म्हणून आपल्यावर दडपण येत आहे, असा त्याचा आशय होता. दुसरीकडे प्रक्रियेत सहभागी झालेल्या विद्यार्थिनींनी, आम्ही स्वखुशीने आलो आहोत, असे निवेदन केले. काही प्राध्यापकांनी रीतसर चौकशीची मागणी लावून धरली. एकाच वर्गातील, एकाच मजकुराने दुखावलेल्या मुलींच्या गरजा इतक्या भिन्न होत्या! आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचा धडा हाच आहे. ‘पीडितांची इच्छा’ असे एकवचनी काही नसते. ज्या मुलीला बोलायचे आहे तिला रिंगण मिळाले पाहिजे आणि जिला चौकशी हवी आहे तिला चौकशी मिळाली पाहिजे.

प्रक्रियेत एकूण एकोणतीस विद्यार्थी सहभागी झाले : गटातील तेरांपैकी बारा पुरुष, चौदा स्त्रिया आणि गटाबाहेरचे तीन पुरुष. त्या बारा जणांना रुग्णांवर उपचार करण्यापासून दूर ठेवण्यात आले होते. काही महिने बैठका चालल्या. मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातून दिसले ते असे की, दोष त्या तेरा जणांशी सुरू होत नव्हता आणि त्यांच्यापाशी संपतही नव्हता. शाखेतील कंपूबाजी, उतरंड, स्त्रियांना आणि परकीयांना मिळणारी वागणूक हे सारे रिंगणात बोलले गेले. त्याच वर्षी प्राध्यापिका कॉन्स्टन्स बॅकहाउस यांच्या स्वतंत्र समितीनेही आपल्या अहवालात शाखेच्या एकंदर वातावरणाकडे बोट दाखविले. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारता विचारता प्रश्न प्राध्यापकांच्या खुर्चीपर्यंत पोहोचला. शिस्त समितीच्या फाइलीत असे सहसा होत नाही, कारण तेथे नाव आरोपींचे असते, संस्थेचे नसते.

या पद्धतीवरील आक्षेप खोटे नव्हेत. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०११ मध्ये विद्यापीठांना कळविले होते की, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींत मध्यस्थी, ती ऐच्छिक असली तरी, योग्य नव्हे. दुबळ्याला बलवानासमोर बसवून ‘मिटवून’ घेण्याचे प्रकार घडत, हे त्यामागचे भय होते. २०२० च्या नियमांनी दोन्ही पक्षांची लेखी आणि ऐच्छिक संमती असल्यास अनौपचारिक मार्गाला मुभा दिली; पण कर्मचाऱ्याने विद्यार्थ्याचा छळ केल्याचा आरोप असेल तेथे तो मार्ग बंदच ठेवला. गुण देणारा आणि गुण घेणारा समोरासमोर बसले तर ते समान पातळीवर बसत नाहीत, ही जाणीव त्यात आहे. प्रशिक्षणातही प्राध्यापकाला हीच जाणीव आधी द्यावी लागते.

हे वाचताना आपल्यातील अनेकांना जुनी गोतसभा आठवली असेल. ती आठवण अप्रस्तुत नाही. मराठी राज्यातील न्यायपद्धतीचा साधार इतिहास डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली डेक्कन कॉलेजच्या प्रकाशनातून मांडला. गोव्याच्या वाचकांना ते तेथील पुराभिलेखागाराचे संचालक म्हणूनही परिचित असतील. वतनदार, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र बसत. निवाड्याच्या महजरावर पाटलाचा नांगर आणि प्रत्येक कसब्याच्या हत्याराची निशाणी उमटे. पंचायतीपुढे येण्यापूर्वी दोन्ही पक्षांकडून लेखी संमती घेत. तिला ‘राजीनामा’ म्हणत, म्हणजे राजी असल्याचा कागद. आज त्याच शब्दाचा अर्थ पद सोडणे असा झाला आहे. साम्य येथवर आहे. पुढे मात्र पंचायत निवाडा देई आणि हरलेल्याकडून ‘येजितखत’ म्हणजे हार मान्य केल्याचा लेख घेई. रिंगणात जीत-हार नसते.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात पंचायतीचे गुण मान्य केले, तसेच दोषही नोंदले : पंचांना वेळेवर जमविण्याचे आणि धरून ठेवण्याचे साधन नाही, निवाडा अमलात आणण्याची सत्ता नाही. आम्ही त्यात आणखी एक दोष जोडू. गोताबाहेर टाकण्याची आणि गोतपत करून पुन्हा घेण्याची सत्ता ज्या सभेच्या हाती, तिच्यापुढे लिहून दिलेला राजीनामा दुबळ्या माणसाने कितपत राजीखुशीने लिहिला असेल? वाळीत पडण्याचे भय असलेल्या माणसाची संमती आणि नापास होण्याचे भय असलेल्या विद्यार्थ्याची संमती यांत जातकुळीचा फरक नाही. म्हणूनच “हे तर आमच्याकडे पूर्वीपासून होतेच” असे म्हणून प्रशिक्षण टाळणे बरे नव्हे. सभा आपल्याकडे होती. नकार देणाऱ्याला निर्भयपणे नकार देता यावा, ही व्यवस्था नव्हती. आणि आधुनिक प्रशिक्षणाचा मोठा भाग नेमका त्या व्यवस्थेविषयी आहे.

आपल्या मंडळांतही तंटे होतात. दोन घराणी परस्परांच्या कार्याला जाणे सोडतात, कार्यकारिणी ठराव करते आणि पुढची पिढी मंडळाकडे फिरकत नाही. वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून समजूत घालावी ही आपली रीत चांगली आहे. पण समजूत बहुधा दुखावलेल्याचीच घातली जाते. मध्ये पडणाऱ्याने आधी दोघांकडे स्वतंत्र जाऊन ऐकावे आणि “मला बसायचे नाही” हे उत्तर रागावल्याविना घ्यावे, एवढे जरी यातून उचलले तरी पुष्कळ झाले.

असो. आमच्या त्या जुन्या फाइलीत आज काही भर घालता येणार नाही. तो मुलगा आता प्रौढ गृहस्थ झाला असेल. त्या वेळी कोणी विचारले असते तर कदाचित त्याने एवढेच मागितले असते की, त्या दोघांनी सर्वांसमोर केलेली टवाळी सर्वांसमोरच परत घ्यावी. कदाचित काही निराळेच मागितले असते. ते आम्हांला कळण्याचा एकच मार्ग होता आणि तो त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जात होता. समितीची खोली त्या दारापासून दोन मिनिटांच्या अंतरावर होती.